आल्याला मारायचं न्हाई

आत्या, आज दोन्ही पिल्लं दोरीशिवाय माळावर सोडली. सांगायला दुसरं कुणी नाही असं नाही, घरात सगळे आहेत; पण कुत्र्यांचं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. एका चुलीवर राबणाऱ्या सासू-सुना एकमेकींना पत्र कशाला लिहितील? शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं.

मी पलूसची, उसातली. लग्न होऊन आटपाडीकडच्या या माळावर आले तेव्हा मेंढरांची ओळख नव्हती आणि कुत्र्यांची तर भीतीच होती. तुम्हाला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. महिना व्हायच्या आत तुम्ही कुठूनसं एक बांडं, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं पिल्लू आणलंत, माझ्या ओटीत टाकलंत आणि म्हणालात, हे तुझं. सासरी आल्यावर फक्त माझं म्हणून मिळालेलं तेच पहिलं. दिवाळीनंतर मेंढरं आष्ट्याच्या बाजूला, उसाच्या रानांत खतासाठी बसवायला न्यायची होती. वाटेत डांबरी रस्ते. हाकेला न येणारं कुत्रं रस्त्यावर जगत नाही, असं तुम्ही सांगितलंत. तोवर त्याला शिकवायचं होतं, आणि ते मीच शिकवायचं होतं.

आधी लांब दोरी. ती ओढायची नाही, नुसती त्याच्यामागं सरपटू द्यायची. हाक एकदाच मारायची, दहा वेळा मारली की ती हाक राहत नाही. आलं की मानेवरून हात फिरवायचा आणि लगेच परत सोडायचं, म्हणजे जवळ येणं म्हणजे खेळ संपणं असं त्याला वाटत नाही. एवढं सगळं मी केलं. पण पहिल्यांदा दोरी काढली त्या दिवशी पिल्लू ओढ्यापलीकडं गेलं ते तास दीड तास आलंच नाही. मी हाका मारून, रडून घसा बसवून घेतला. तुम्ही लोकर कातत बसला होतात, उठलासुद्धा नाहीत. शेवटी ते शेपूट हलवत आलं आणि मी बाभळीची शिरी उचलून त्याला दोन रट्टे दिले.

तुम्ही आलात, माझ्या हातातली शिरी काढून घेतलीत आणि मोडलीत. ओरडला नाहीत.

"पळालं तवा तुजा हात पोचला न्हाई," म्हणालात. "आलं तवा मारलंस. आता त्यानं काय शिकायचं, सांग. आल्याला मारायचं न्हाई गं."

मग मला माळावर पिल्लाकडं पाठ करून बसायला लावलंत. सूर्य कलेपर्यंत मी बसले होते. ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पाठीला ओलं नाक लागलं. त्यानंतर ते बांडं अकरा वर्षं माझ्या एका हाकेवर आलं, आणि कितीतरी दिवाळ्या आमच्याबरोबर आष्ट्याला जाऊन आलं.

आता आपला माळ थोडा उरलाय आत्या. पाटाचं पाणी आलं, डाळिंबं आली, तारेची कुंपणं आली. मेंढरं चाळीसच ठेवलीत. या वर्षी दोन पिल्लं आणली, एक काळा आणि एक भुरी. पावसाळा सरताना ती शेजारच्या मळ्यातल्या शेळ्यांमागं लागली. एक शेळी घाबरून तारेत घुसली आणि तिचा पाय मोडला. मळ्यातले भाऊजी भांडले नाहीत. दारात उभं राहून एवढंच म्हणाले, वहिनी, बांधून ठेवा, न्हाईतर मला कायतरी करावं लागंल. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. यांनी त्याच दिवशी दोन साखळ्या आणल्या. मेंढरांचं कुत्रं जन्मभर साखळीला, हे मला पटेना. मी एक महिना मागून घेतला.

दोघांना वेगवेगळं घेऊन रोज सकाळी दोरीवर फिरवलं. भुरी लवकर शिकली. काळ्याला मी विसाव्या दिवशी सोडलं आणि तो तितराच्या मागं थेट डांबरीपर्यंत गेला. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. तो दिसेनासा झाला. अर्ध्या तासानं तो धुळीनं माखून आला, आणि मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, त्याच्या तोंडावर चप्पल मारली. मारून झाल्यावर तुमचं बोलणं आठवलं. आधी नाही आठवलं.

तो चार हात लांब थांबायला लागला. म्हणून मग मी पुन्हा तुमच्या नव्या सुनेसारखी माळावर पाठ करून बसायला लागले. हे हसले. गुडघे दुखतात आता, मांडी घालून फार वेळ बसवत नाही. सहाव्या दिवशी तो आला. त्याच्या मानेवर हात फिरवला आणि लगेच सोडून दिलं.

आज महिना भरला. दोघांना एकदम सोडलं होतं, आणि नेमक्या मळ्यातल्या शेळ्या ओढ्यातून वर आल्या. मागं भाऊजी होते. काळा सुटला. मी हाक मारली, एकदाच. तो थांबला. शेळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग वळून धावत आला. भुरी माझ्या पायाशीच होती. भाऊजी काठीवर हात ठेवून बघत राहिले. "येतंय की," एवढंच म्हणाले आणि शेळ्या घेऊन निघून गेले. साखळ्या बांधायचं घरात कुणी पुन्हा काढलं नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, ट्रंकेत तुमच्या लुगड्याखाली ठेवीन. पण एक कबूल करते. मिलिटरीतला पुतण्या सुट्टीला आला होता तेव्हा त्यानं मोबाईलवर तुमचं शूटिंग केलं होतं, लोकर काततानाचं. मध्येच तुम्ही कुत्र्याला हाक मारता. गेल्या महिन्यात, काळा ऐकेना तेव्हा, ते त्याला ऐकवावं म्हणून मी स्वयंपाकघरात लावून बघितलं. काळा अंगणात झोपला होता. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. मी मात्र हातातलं पीठ तसंच टाकून उठले होते, आणि दारापर्यंत गेले होते.