घड्याळातले ठोके शीलाचे आहेत

चि. समीक्षा,

माझी पणजी द्वारकाबाई, आजी कृष्णाबाई आणि आई मनोरमा यांनी आपली नाडी वैद्याखेरीज कोणाच्या हाती दिली नाही. त्याच ताठ्यात तू दिलेले, पावले नि नाडीचे ठोके मोजून तुझ्या फोनवर कळवणारे घड्याळ मी तीन आठवडे कामाला येणाऱ्या शीलाच्या मनगटावर बांधले. केरफरशी करताना तिची पावले होत आणि तू मला "शाब्बास आजी, आज सहा हजार!" म्हणत असस.

काल तू म्हणालीस, "आजी, ठोके चुकताहेत, डॉक्टरांकडे चल." खोटे उघडे पडेल म्हणून मी तुलाच दटावले. आज सकाळी शीला ओट्यापाशी कोसळली.

परीक्षेमुळे तुझा फोन बंद आहे. मी तिला माजिवड्याच्या इस्पितळात नेत आहे. डॉक्टरांना मी खरे सांगेन, पण त्या नोंदी तुझ्या फोनमध्ये आहेत. हे वाचताच फोन घेऊन धावत ये. टेंभी नाक्यावर मंडपाची गर्दी आहे, तिकडून येऊ नकोस.

कोरोनात माझ्याजवळ कोणी फिरकत नव्हते, तेव्हा तिने अठरा दिवस माझ्या उशाशी काढले. ते ऋण मी पुरते फेडणार आहे. ती आपल्या पायांनी घरी येईपर्यंत मला घरी न्यायला कोणी येऊ नये.

आजी