बॉनेटला तेल

लोर्ना, सहलीसाठी बर्फ आणायला चाललोय, आलोच. गाडीच्या बॉनेटला टेकू नकोस, बेबी ऑइल चोळलंय. नाहीतर फ्लोरिडाच्या टोकाला, की वेस्टपर्यंत लव्हबग किडे चिकटून नुसता चिखल होतो. पण मी नाही चोळलं हां! सकाळी बाहेर येऊन बघतो, तर तुझा लेक कोल्बी तेल चोळत घाम गाळतोय. कालच ओरडत होता ना, "तुझ्या नवऱ्याबरोबर मी कुठं येत नाही"? मी म्हटलं, "राहू दे रे, मी करतो." तर म्हणतो, "तू केलंस तर डाग राहतील, हार्लन." लग्नाला वर्ष झालं, पोरानं पहिल्यांदा नावानं हाक मारली! त्याला काही विचारू नकोस, लाजेल. पुढं माझ्या शेजारी तोच बसेल. तू छोट्या ब्रिनलीजवळ मागं बस, आणि कुरकुर नको.

— हार्लन