मधला वेग

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. राग उतरला नसेल तर तो बाजूला ठेवा आणि हे पत्र सावकाश वाचा. इथे सगळे खुशाल. आईचा गुडघा बरा आहे. ती म्हणते, काकांकडे त्यांना झोप लागत नसेल, त्यांची उशी पाठवून दे. बघू.

लॉन्ड्रीची बातमी अशी, की कपडे पिळायचं मोठं मशीन चाललं. काल हॉस्पिटलचे मॅनेजर बघायला आले होते. मशीन थरथरलं तर चादरींचं काम दुसरीकडे देऊ, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. ते काम गेलं असतं तर आपल्या लॉन्ड्रीला कुलूपच लागलं असतं.

तुम्ही रागावून काकांकडे गेल्यावर मी मशीन रिकामं चालवून पाहिलं. पूर्ण वेगात ते गप्प! थरथर फक्त मधल्या एका वेगाला. आणि नेमकं तिथेच तुम्ही काळजीने बटणावरचा हात आवरायचात. "थांब, जरा शांत होऊ दे त्याला."

मग झोपाळा आठवला. लहानपणी तुम्ही मला एका बोटाने उंच न्यायचात. जोर नव्हताच, झोपाळा परत फिरताना बोट लागायचं, म्हणून प्रत्येक धक्का आधीच्यात मिळायचा. जमिनीलाही हलायची स्वतःची लय असते. ड्रमच्या फेऱ्या तिच्याशी जुळल्या, की प्रत्येक फेरी तसंच बोट लावते. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. मशीन त्या वेगाला धरून आपण झोके देत बसलो होतो, बाबा. वेग त्यापुढे गेला की जमिनीला हलायला फुरसतच मिळत नाही.

त्या दिवशी मी नुसतं "वेग वाढवून बघू" म्हटलं. "आता तू शिकवणार मला?" म्हणत तुम्ही पिशवी उचललीत. तेव्हा मला कारण सांगता आलं नव्हतं.

काल ओल्या चादरी भरल्या. जमीन हादरली, काचा वाजल्या, मॅनेजर दाराकडे सरकले.

"बंद करू?" मिस्त्रीकाका ओरडले.

"हात लावू नका, काका."

मी बटण थेट शेवटपर्यंत फिरवलं. आणि थरथर गेली. मशीनवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही. मॅनेजर म्हणाले, "सोमवारपासून चादरी पाठवतो." मिस्त्रीकाका म्हणाले, "पोरगी बापावर गेली."

जिंकले मी. सकाळपासून लॉन्ड्रीभर मिरवते आहे, आणि ज्याला दाखवायचं तोच माणूस इथे नाही.

उशी पाठवणार नाही. ती तुमच्या खाटेवरच आहे. झोपायला घरी या.

तुमच्यावरच गेलेली,
ठमी