ज्योत मोठी दिसते म्हणून

ता. ९, सोमवार

ताईस,

साष्टांग नमस्कार. त्यातला वाकण्याचा भाग मनातल्या मनात, कारण कंबर धरलीये. आईच्या गुडघ्यांची वेगळी चौकशी.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. लगेच उत्तर दे म्हणालीस, मी देणारच होतो, पण मध्ये खोलीवाल्याच्या बकरीने माझा मोजा खाल्ला. आख्खा. वर खोलीवालाच मला म्हणतो, "हिचं पोट बिघडलं तर बघ." चोर तो चोर वर शिरजोर. असो. फोन केला असता, पण फोनवर तुझ्या शेजारी आई असते.

तर ज्योत. तू लिहिलंस, तेलविहिरींच्या चिमणीवरची ज्योत तुमच्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, आणि तुमच्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, "तेलाला बरे दिवस आले, आता कुणाची नोकरी जात नाही, कुणी कुठे जायचं नाही." इथेही तेच चाललंय. या गावात बाजारभाव कुणी वाचत नाही, ज्योत बघतात. ती ताडाएवढी झाली की सगळे खर्चाला लागतात. परवा न्हाव्याने खुर्चीला नवं कातडं घातलं. मी म्हटलं, "काका, एवढी घाई कशाला?"

"तू गप बस, वस्तरा लागेल. धड मिशी फुटली नाही आणि मला धंदा शिकवतोय."

खुशीत होता. दाढी फुकट केली. मला पुढे बोलवेना.

कारण ती ज्योत आम्हीच मोठी केलीये, ताई. विहीर बंद करायची तर आधी आतला उरलासुरला गॅस बाहेर काढून जाळून टाकावा लागतो. म्हणून ती एवढी दिसते.

मी दुरुस्तीच्या कामावर आहे असं लिहिलं होतं. ती दुरुस्ती ही. आता विहीर बंद करण्याचेही दोन प्रकार असतात. तेलाचा भाव पडला की झडप लावतात, चढला की उघडतात. आपले मंत्री टीव्हीवर तेच सांगतात. पण आमच्या टोळीला झडपा दिलेल्या नाहीत, सिमेंट दिलंय. ते आत सोडायचं, वरचा पाइप कापायचा, झाकण वेल्डिंग करून बसवायचं, वर माती सारखी करायची. आमचा मुकादम म्हणतो, "झडप म्हणजे झोप, सिमेंट म्हणजे मयत."

त्याला विचारलं, यातून सरकारला काय मिळायचं? "येड्या, शाळेचा खडू, रस्त्याचं डांबर, दवाखान्याचा कापूस, सगळं याच भोकातून यायचं. दुसरं काही कमवायची सरकारला सवयच नाही." कापूस म्हणाला आणि मला तुझा दवाखाना आठवला. आम्ही जेवत होतो. जेवण इथे बरं असतं, फक्त मीठ…

हे बघ, पुन्हा भरकटलो.

तू विचारलंस ते एवढंच: पलीकडच्या राज्यातल्या इस्पितळाचं बोलावणं आलंय, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय, जाऊ की थांबू? मी आधी "थांब" लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. तू गेलीस की आई तुझ्याबरोबर जाणार, आई गेली की घराला कुलूप. मी कुठे कुठे हिंडलो, पण झोपताना घर कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक असायचं. तेवढ्या जोरावर हिंडत होतो. म्हणून तुझ्या दवाखान्याचा कापूस संपेपर्यंत तुला थांबवायला निघालो होतो. आणि तोवर तिकडची जागा दुसरीने घेतली असती.

जा, ताई. हे मिळेल त्याच दिवशी "हो" कळव. मोठ्या बाईंना विहिरींचं सांग, भावाने सांगितलं म्हण. आईला "थोडे दिवस" असं म्हणू नकोस, तिला कळतं. माझी पेटी शेजारच्या मावशींकडे ठेव. नको, तीही घेऊन जा. तिकडे खोली लहान असेल, तर भिंतीकडची हातभर जागा माझ्या अंथरुणाला धर.

पत्ता मात्र नीट लिही, मला विचारत विचारत यावं लागेल.

तुझा,
अजून न पाहिलेल्या घरातला,
धाकटा