लाल कार्ट कोणी सुरू करायची

मी, श्रीमती मंदा एकनाथ चुरी, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉ. विघ्नेश यांनी काल मला तपासून डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. "कार्ट सोडून बाकी सगळ्या बाबतीत," असं ते तोंडी म्हणाले, पण ते दाखल्यात नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एका बाबतीत माझा मुलगा प्रितेश याने आणायचा प्रयत्न केला, त्याचं पुढे येईलच. याआधीचं माझं एखादं मृत्युपत्र कोणाकडे निघालं तर ते खोटं समजावं, कारण मी केलेलंच नाही.

कलम १. गिरीजचं घर आणि त्यामागची केळी-सुपारीची वाडी प्रितेश आणि माझी सून दिशा या दोघांना समाईक. ते जूचंद्रला फ्लॅटमध्ये राहतात, तिथेच राहावं, माझी काही हरकत नाही. पण विहीर बुजवायची नाही आणि मागच्या पडवीला टाइल्स लावायच्या नाहीत. तिथे ग्रीस सांडलेलं आहे, ते तसंच राहू द्यावं. मला ते डाग आवडतात.

कलम २. बँकेत जे काही असेल ते दिशा आणि माझी नात ऋतिका यांना निम्मंनिम्मं. आकडा बँकेला ठाऊक आहे, इथे मिरवायची गरज नाही.

कलम ३. माझे धाकटे दीर जयवंत यांना माझी तुळशीची जपमाळ. मी पडवीत कार्ट उघडून बसले होते तेव्हा ते चहाला आले आणि म्हणाले, "वहिनी, या वयात हातात जपमाळ शोभते, पान्हा नाही." चहा दोन कप प्यायले, वर बिस्किटं घेतली. माळ अगदी कोरी आहे, भावजींनी निःसंकोच वापरावी.

कलम ४. पान्हे, सॉकेटचा डबा, हातोडी आणि मोठी पक्कड दिशाला. एका रविवारी ती नवी साडी नेसून आली होती. मला पुढचा ॲक्सल जमेना, तर पदर खोचून खाली बसली आणि सगळे बोल्ट आवळून मोकळी झाली. प्रितेश "अगं साडी, साडी" करत उभा. अशी सून मिळायला नशीब लागतं, हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही. इथे म्हणते.

कलम ५. आता कार्ट. कोर्टातल्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगते. जमिनीपासून वीतभर उंच, ना छप्पर ना दरवाजे, चार छोटी चाकं, सीटच्या बाजूला इंजिन. ही गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची गाडी. कोल्हापूरकडे धावली, मग हातोहात फिरत पाचूबंदरच्या वाटेवर एका भंगारवाल्याकडे होड्यांच्या इंजिनांत येऊन पडली. मी पंपाचा वॉल्व्ह शोधायला गेले होते. बरोबर मार्गारेट डिमेलो, माझी शेजारीण. आमच्या दोन वाड्यांमध्ये कुंपण आहे आणि त्या कुंपणाला आम्हीच पाडलेलं भोक आहे. मार्गारेटने रुमालाने सीट पुसली आणि ती सरळ त्या गाडीत जाऊन बसली. तिला उठवायला दोन माणसं लागली. तोवर माझा निर्णय झाला होता.

आम्ही दोघींनी गंज खरवडला, सांगाडा लाल रंगवला, ब्रेक बसवले, कार्बोरेटर धुऊन पुसून लावला. राहता राहिला क्लच. या गाडीला गिअर नाही. इंजिन जोरात फिरलं की वाटीएवढ्या ड्रमच्या आतले लायनर, म्हणजे खरखरीत पट्ट्या, बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट धरतात आणि चाक फिरतं. जोर कमी झाला की स्प्रिंग त्यांना आत ओढतात आणि गाडी थांबते. अपकेंद्री बल. जन्मभर फळ्यावर हेच शिकवलं. आमच्या गाडीचं सगळं उलटं. जोर दिला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी वेगच घेईना. जोर काढला तरी थांबेना, आपली सावकाश सरकत थेट सीताफळाच्या बुंध्याला टेकायची.

मार्गारेट म्हणे, कार्बोरेटरचा स्क्रू जास्त पिळलाय. मी म्हणे, स्प्रिंग गेल्या. स्क्रू सैल केला, तर इंजिन आचके द्यायला लागलं, तरी सरकायचं ते सरकतंच. साखळी सरळ केली. नवं पेट्रोल घातलं. गाडीचा एकेक भाग उघडून झाला, फक्त ड्रम सोडून. ड्रमचं नाव काढलं की मार्गारेटला चर्चमध्ये काम आठवायचं आणि मला गॅसवरचं दूध. शेवटी एकदा ती म्हणाली, "मास्तरीण असलीस म्हणून तुलाच सगळं कळतं का?" मीही गप्प बसणारी नव्हे. तिने कुंपणाच्या भोकाला फळी ठोकली.

नाताळला फळी निघाली. आधी करंज्यांचं ताट आत आलं, मागून मार्गारेट. "खा, आणि तो ड्रम उघड," म्हणाली.

उघडला. आत हळद होती, कुंकू होतं. तिळाचं तेल भाजून लायनरवर काळंकुळकुळीत चकाकत होतं, आणि स्प्रिंगच्या मागे अक्षतेचा दाणा ठाण मांडून बसला होता. तेल लागलेला लायनर ड्रमला धरणार कसा? शिवाय मधलं बेअरिंग गंजून आवळलेलं, त्यामुळे इंजिन सुरू असलं की ड्रम आपोआप ओढला जायचा.

"हे कोणी गं घातलं?" मार्गारेट.

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. गाडीचा जीव क्लचमध्ये, मग तिथे नको का करायला? पण हा गंज कुठला?"

"फादरनी येऊन पुढच्या टोकावर पवित्र पाणी शिंपडलं, तू बाजारात गेली होतीस. बाटलीत उरलं होतं, ते मी ड्रममध्ये ओतलं. म्हटलं, दुखणं येईल तर इथेच येईल."

म्हणजे दोघींनी एकमेकींच्या चोरून आशीर्वाद ओतले होते, आणि आशीर्वाद असलेली वस्तू उकलायची कशी म्हणून दोघी टाळत होतो! आम्ही हसलो, हसून हसून मेलो, मार्गारेटला उचकी लागली. मी चूक मानत नाही. हेतू चांगला होता, जागा चुकली. लायनर काचकागदाने घासले, बेअरिंग नवं घातलं, त्याला तेलाचा एकच थेंब. गाडी जोर दिल्यावर निघाली आणि जोर काढल्यावर थांबली. बाई, काय आनंद झाला म्हणून सांगू!

कलम ६. वरील अनुभवावरून ठरवते की यापुढे झेंडूचा हार स्टिअरिंगला घालावा आणि पवित्र पाणी पुढच्या टोकावर शिंपडावं. दोन्ही करावं, एकही चुकवू नये. क्लचजवळ कोणाही देवाचं काहीही नेऊ नये.

कलम ७. आता वादाचा मुद्दा. पहिली फेरी मी मारली, दुसरी मार्गारेटने, तिसरी ऋतिकाने. ऋतिका एकोणीस वर्षांची आहे. ती गाडीत बसली आणि वळणावर कुठे सोडायचं, कुठे दाबायचं हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. तिला शर्यतीत उतरायचं आहे, तसं तिने मला सांगितलं आहे. प्रितेश फाटकाशी उभा होता. चेहरा पांढराफटक. नंतर म्हणाला, "आई, हिच्यात माती भरू आणि शेवंती लावू. आमच्या सोसायटीच्या गेटशी छान दिसेल." मग म्हणाला, लिहून दे. तोच तो दबाव.

माझे यजमान एकनाथ हायवेवर स्कूटरच्या अपघातात गेले तेव्हा प्रितेश बारावीत होता. त्यानंतर त्याने सायकललासुद्धा हात लावला नाही. हॉस्पिटलमध्ये त्याने माझा हात असा धरला होता की दुसऱ्या दिवशी माझ्या बांगड्यांचे वळ उठले होते. म्हणून मी त्याच्यावर चिडले नाही. बाळा, तू भित्रा नाहीस. तुला त्या दिवसाचं दुःख आहे, ते मलाही आहे, आणि मी ते पडवीत पान्हा घेऊन बसून थोडं हलकं केलं. तू ते एकट्याने उचलून हिंडतोस, हे मला बघवत नाही.

म्हणून ठरवते की कार्ट ऋतिकाची. तिच्यात माती भरू नये. मात्र इंजिन सुरू करायची दोरी ओढण्याचा हक्क फक्त प्रितेशचा. हेल्मेटचा पट्टा त्याने स्वतः तपासावा, ब्रेक त्याने दाबून पाहावा, आणि मनाची खात्री झाली तरच दोरी ओढावी. खात्री नसेल त्या दिवशी ओढू नये, आणि ऋतिकाने तोंड वाकडं करू नये. मुलीला अडवायचा नव्हे, तिला निरोप द्यायचा अधिकार मी त्याला देते आहे.

वकीलसाहेबांनी इथे मला थांबवलं. म्हणाले, मृत्युपत्रातलं सगळं तुमच्या पश्चात लागू होतं. मी विचार केला. बाकीची कलमं थांबतील. पण प्रितेशने दोरी ओढलेली मला बघायची आहे, आणि मेल्यावर मी कशाने बघणार? म्हणून कलम ७ उद्या, रविवारी, सकाळी चहा झाल्यावर लागू होईल. कायद्यात बसत नसेल तर ती आईची आज्ञा समजावी. प्रितेश, मी पडवीच्या पायरीवर बसलेली असेन. घाई नाही, तुला लागेल तेवढा वेळ घे.

हे सर्व मी वाचून पाहिलं, मला पटलं, आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मंदा एकनाथ चुरी

साक्षीदार १: डॉ. विघ्नेश राऊत, वसई.

साक्षीदार २: मार्गारेट डिमेलो, गिरीज. (मार्गारेट लिहिते: ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये असं वकील म्हणाले. मी म्हटलं, मग मला काही देऊ नका, साक्षीलाच ठेवा. उद्या मीही पायरीवर आहे.)

स्थळ: वसई
दिनांक: १० जानेवारी २०२६, शनिवार

ता. क., रविवार, ११ जानेवारी. पहिल्या ओढीला इंजिन लागलं नाही. दुसऱ्या ओढीलाही नाही. प्रितेशने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "आई, थांब, उठू नकोस, मी ओढतो अजून."