गालाला कळणारी ओल

अण्णा, खोली शोधतोय. दोन महिने झाले. नगरात ज्या खोलीला खिडक्या आहेत तिचं भाडं मला झेपत नाही, आणि जी झेपते तिला एक दार सोडून काही नसतं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी भिंतीपुढं उभा राहिलो की तुमचीच आठवण येते.

तुम्ही नात पाहिली नाही. चार वर्षांची आहे, दमा आहे तिला. श्वास घेताना तिच्या गळ्याखाली खळगा पडतो, तो पाहिला की मला कुणालातरी धरून मारावंसं वाटतं. पण मारणार कुणाला? डॉक्टर म्हणाले, "पंप मी देतोय, पण घराला ओल आहे तोवर हे असंच चालणार." आमच्या पलंगामागं पोपडे सुटलेत, काळी बुरशी आलीय. पुसली की आठवड्यात परत.

ही खोली मीच घेतली, पाच मिनिटांत. एसवायला कॉलेज सोडलं, तुमच्या सुनेला घेऊन निघालो, दोन्हीकडची दारं बंद. तिच्यापुढं मला दुसरं काही दिसतच नव्हतं तेव्हा. भिंतींना ताजा गुलाबी रंग होता. ती म्हणाली, "किती छान रे!" बस, तेवढंच ऐकलं. गवंड्याचा मुलगा मी, ताज्या रंगाखाली काय असतं ते मला ठाऊक होतं. गाल लावून बघावा असं मनात आलंसुद्धा. पण ती शेजारी उभी होती. लाज वाटली.

आता ती लेकीला घेऊन काष्टीला, माहेरी आहे. मी न्यायला गेलो तर सासरे ओट्यावरूनच म्हणाले, "कोरडी खोली दावा, मग पोरगी न्या. पर तुमच्या असल्या तापट डोक्याला भाडेकरू म्हणून ठिवील कोन?" ती दारात उभी होती. लेकीचा स्वेटर नीट करत राहिली. परतताना एसटीत मी तिला अकरा मेसेज केले. एकाचंही उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात एक खोली मिळत होती. दुसरा मजला, दोन बाजूंनी खिडक्या, भाडंही जमण्यासारखं. घरमालक एक म्हातारे शिंपीचाचा, खाली मशीनवर बसलेले. घरी कोण कोण विचारलं, मी लेकीच्या दम्याचं सांगितलं. ते म्हणाले, "टीबी तर न्हाई ना, बाबा? घरात ल्हान पोरं हायेत."

साधा प्रश्न होता, अण्णा. माझं टाळकं सरकलं. काय काय बोललो आठवत नाही. उतरताना जिन्यातल्या बालदीला लाथ मारली, ती फुटली. त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. पहिल्यांदा तिनं स्वतःहून केला. "मिळाली का रे?" मागं लेक खोकत होती. मी म्हणालो, "मिळाली." ती रडली. सोमवारच्या गाडीनं येते म्हणाली.

आज रविवार. सकाळी नवी बालदी घेऊन गेलो. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही बी फोडायलाच आनली का?" मी माफी मागितली, डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला नाही, किल्ली पुढं केली. "बघून ये."

वर गेलो. खालपासून सुरुवात करून चारही भिंतींना गाल लावला. मागं चाचा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. "ये क्या कर रहा?"

तुम्ही सांगायचात तेच सांगितलं, की सिमेंटनं हाताला घट्टे पडतात, हाताला ओल कळत नाही, गालाला कळते.

"किसने सिखाया?"

"वडिलांनी. गवंडी होते."

चाचा म्हणाले, "घरात इचारतो. उद्या सकाळी ये." ना हो, ना नाही. तिची गाडी दहाला सुटते. फोन हातात घेऊन बसलोय, खरं सांगावं तर ती येणार नाही, न सांगावं तर लेकीला इथल्या याच ओल्या भिंतीशी आणून झोपवायचं. चाचांची खोली कोरडी होती, अण्णा, चारी बाजूंनी कोरडी.

आणखी एक. मी अकरावीला नगरला आलो तेव्हा तुम्ही माझ्यासाठी खोली बघायला आला होतात. असाच गाल लावून उभे होतात, गालाला चुना लागलेला. मालकाचा मुलगा हसला, म्हणाला, "हे कोण रे?" मी म्हणालो, "आमच्याकडचे गवंडी आहेत." तुम्ही टोपीनं गाल पुसलात आणि मालकाला म्हणालात, "खोली कोरडी हाय, घ्या पोराला."

तुम्ही ऐकलं होतं का, हे तेव्हा विचारलं नाही. ऐकलंच असणार. खोली छोटी होती.