शारदाच्या हातासाठी मशीन

ता. ९, रविवार
मशीनवाल्याच्या आधी शारदाचा भाऊच टपकला. सुनेचा भाऊ, हाकलता थोडंच येतंय. बशीत ओतून चहा पिला, फुर्र फुर्र. मग म्हणला, "मावशी, ताईला अन तिच्या चिमीला पुण्याला नेतो. कंपनीच्या कँटीनात पोळ्या लाटायचं काम हाय."
म्या म्हणलं, "तिला ब्लेड धरवंना, लाटणं धरवंल व्हय?"
रिकामी बशी खाली ठेवली. पण विषय सोडून न्हाय गेला.
रांगोळीचे छाप कापून कापून शारदाच्या हाताला मुंग्या येतात. पोराच्या माघारी त्याच छापांवर घर चालतंय. दवाखान्यातनं जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणायच्या, धुऊन काळं काढायचं, मोर-कमळं कापायची. आता बायांना केसावानी बारीक नक्षी पायजे. उमरग्याचा दुकानदार बी तेच म्हणतो. म्हणून तर छाप कापायची मशीन दाखवायला मशीनवाल्याला बोलावलंय.

ता. ११, मंगळवार
आले एकदाचे. मशीनवाला अन त्याची बायको. बायको लई गोड, "आजी" म्हणून पायाच पडली. माहेर ईट गावचं. माझी मावसबहीण तिथंच दिलेली! बोलता बोलता मशीन राहिली बाजूला.
मशीन पाटाएवढी. निळा उजेड टाकते. पुठ्ठ्यावर मोर कापला, पिसाचा एक एक केस सुटा. म्या टाळ्या वाजवल्या. शारदा हसली न्हाय. "पुठ्ठा पाण्यात टिकंना, दादा."
मग आपली धुतलेली फिल्म ठेवली. उजेड आरपार गेला, फिल्म तशीच. म्हणला, हिला काळं पायजे, पारदर्शक कापत न्हाय. शारदानं तर ढीगभर धुऊन ठेवलेल्या.
मोठी मशीन कापते म्हणं. किंमत ऐकून शारदानं फिल्म परत ढिगावर ठेवली.

ता. १२, बुधवार
काल पुढचं लिहवलं न्हाय.
न धुतलेल्या फिल्मा घरात दोनच. एक पोराच्या छातीची, ट्रंकेतली. शारदानं तीच काढली अन मशीनवाल्यापुढं धरली.
म्या हिसकून घेतली. म्हणलं, "माझा गुडघा घ्या. तो तसा बी कामातनं गेलाय."
हसले सगळे. माझ्या गुडघ्यावर मोर नाचला की! पण कड वितळली, पिसं चिकटून एक झाली. वास तर असा, चिमी बाहेर पळाली. अन मागं हाडं दिसतात. असा छाप रांगोळीला कोण घेईल हातात?
मशीनवाला म्हणला, काळी पातळ शीट अन हवा मारायचा पंप घेऊन परत येतो, कड वितळायची न्हाय. हीच मशीन तुमच्या आवाक्यातली.
शारदा नुसती मान हलवत व्हती.

ता. १५, शनिवार
शारदानं अर्धं कमळ कापलं. बोटातनं ब्लेड पडली. उचलली न्हाय.
सांजच्याला भावाचा फोन. म्या कांदा चिरत बसलेली. शारदा म्हणली, "व्हय... कपडे हायत थोडेच. चिमीचा दाखला तेवढा काढायचाय."
मला म्हणली, "आत्या, भाऊ बुधवारी येतोय." बास. भाकरी थापायला बसली, डाव्या हातानं.
म्या परसात जाऊन मशीनवाल्याच्या बायकोला फोन लावला. लाज वाटली, पण लावला. "पोरी, लवकर ये की गं. मंगळवारी ये. जेवायलाच ये."
"आजी, पंपच सोलापूरहून उशिरा येतोय. आला की त्याच दिवशी येतो बघा, वचन."
म्हणलं, कवा?
"गुरुवारी."